झाड शेंड्याकडून सुकते आहे: फवारणीआधी काय तपासावे आणि कुठे थांबावे

फोंडा ते पणजी या पट्ट्यातील निवासी संकुले, देवळांची आवारे आणि काही जुन्या घरांची परसे यांतील झाडांची देखभाल मी गेली अठरा वर्षे करतो आहे. मला येणारी बहुतेक बोलावणी एकाच वाक्याने सुरू होतात: "झाडाला कीड लागली आहे, फवारणी करून द्या." जाऊन पाहिले की कीड बहुधा असतेच. पण ती झाडाच्या दुखण्याचे मूळ क्वचितच असते. झाड आधीच खचलेले असते आणि कीड त्या खचण्याचा वास काढत मागाहून आलेली असते. हा क्रम उलटा वाचला की पैसे फवारणीवर जातात आणि झाड दोन-तीन वर्षांनी जाते ते जातेच. माड मात्र या नियमाला अपवाद आहे, म्हणून त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

लक्षणे

शेंड्याकडचा पर्णसंभार विरळ होऊन खालून आकाश दिसू लागणे, नवी पाने गेल्या वर्षीपेक्षा लहान आणि फिकट येणे, फांद्या टोकाकडून मागे सुकत येणे आणि हंगाम नसताना पाने गळणे ही नेहमीची लक्षणे आहेत. त्यांच्या जोडीला खोडावर किंवा जाड फांद्यांवर एकाएकी उभे, लुसलुशीत धुमारे फुटतात. वरचा भाग पोसणे जमत नाही तेव्हा झाड खालून पाने काढून पाहते. काही वेळा आजारी झाडाला एखाद्या वर्षी अवाच्या सवा फळ धरते आणि घरचे लोक खूश होतात. मी अशा वेळी काळजीत पडतो. याखेरीज सालीतून डिंक किंवा तपकिरी पाणी पाझरणे, बुंध्याशी भुसा पडणे, पाने चिकट होऊन काळी पडणे आणि बुंध्यावर अळंबीसारखे काही उगवणे ही लक्षणे आहेत. यांतील दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, कारण पहिल्या चार-पाच तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

झाड खरोखर आजारी आहे का?

हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण दरवर्षी तो विचारावा लागतो. देशी बदामाची पाने लालभडक होऊन गळतात आणि रस्ताभर पसरतात; वर्षातून दोनदाही हे घडते आणि तो त्या झाडाचा स्वभाव आहे. शेवर आणि पांगारा हिवाळा-उन्हाळ्यात पाने टाकतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते, तिला कोमेजलेली समजून पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. सागवानाची पाने पावसाळा ओसरताना चाळणीसारखी होतात, नुसत्या शिरांची जाळी उरते; ते अळीचे काम खरे, पण साग पुढच्या पालवीत सावरतो आणि एवढ्या उंच झाडावर फवारणी करण्यात काही हशील नसते. खोडावरचे राखाडी-हिरवट दगडफूल तर रोगच नव्हे. गोव्याच्या दमट हवेत ते सालीवर नुसते बसलेले असते, झाडातून काही शोषत नाही. पर्णसंभार विरळ झाल्यावर खोडावर ऊन पोचते आणि दगडफूल वाढते, म्हणून ते आजारी झाडावर जास्त दिसते इतकेच.

सोपी कसोटी अशी की त्याच जातीचे दुसरे झाड शोधून दोन्हींची तुलना करावी. दोन्ही सारखीच दिसत असतील तर तो ऋतू आहे; एकच वेगळे दिसत असेल तर पुढे वाचावे.

गेल्या पाच वर्षांत इथे काय काय झाले?

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत मोलाची हीच आहे आणि नेमकी हीच लोक टाळतात. मोठ्या झाडाच्या मुळांना झालेली इजा पानांत उमटायला दोन ते पाच वर्षे लागू शकतात. झाड साठवणीवर जगत राहते, आणि लक्षणे दिसेपर्यंत चर खणणारा कंत्राटदार केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून राखणदाराला, शेजाऱ्यांना, देवळात झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारावे: केबल किंवा नळासाठी चर खणला होता का? पेव्हर बसवले का? कुंपणाची भिंत बांधताना माती कुठे टाकली? गटाराची दिशा बदलली का? पेव्हरच्या फटींत गवत उगवू नये म्हणून कोणी तणनाशक मारते का?

हे समजायला मुळांची कल्पना असावी लागते. झाडाची बहुतेक शोषक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पुढे पसरलेली असतात. छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजून तिची बारापट त्रिज्या धरावी, एवढा घेर तरी शाबूत राहायला हवा. म्हणजे खोड ५० सें.मी. जाड असेल तर चारही बाजूंना ६ मीटर. आपल्याकडे पेव्हर घालताना खोडाभोवती फूटभराचा चौकोन सोडतात आणि झाड वाचवले असे समजतात.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगतो. एका संकुलातील जुन्या मानकुराद आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली होती. मी दोन वर्षे भोके शोधून, अळ्या काढून बुजवत राहिलो आणि दर पावसाळ्यानंतर नवी भोके मिळत राहिली. तिसऱ्या वर्षी एका रहिवाशांनी बोलता बोलता सांगितले की भिंत बांधली तेव्हा पायातून निघालेली सगळी माती आंब्याभोवती पसरून अंगण सपाट केले होते. खणून पाहिले तर मूळ जमीन सव्वा फूट खाली होती. माती काढली, बुंधा मोकळा केला, आणि पुढच्या दोन वर्षांत नव्या भोकांची संख्या हळूहळू शून्यावर आली. भिरुडाचे औषध मी त्यानंतर एकदाही वापरले नाही.

लांब उभे राहून आकृती पाहणे

झाडापासून त्याच्या उंचीइतके दूर जाऊन दोन बाजूंनी फोटो काढावा. सुकण्याची आकृती पुष्कळ काही सांगते. एकच बाजू सुकत असेल तर त्या बाजूची मुळे तुटलेली असण्याचा संभव मोठा असतो. समुद्राकडची बाजूच करपली असेल तर खाऱ्या वाऱ्याचा विचार करावा. शेंडा सर्व बाजूंनी सारखा उतरत असेल तर दोष मुळांत, मातीत किंवा पाण्यात असतो. मधेच एखादी फांदी पानांसकट वाळून लटकलेली असेल आणि बाकी झाड हिरवे असेल तरच खोडकिडा किंवा फांदीवरची बुरशी हा पहिला संशय ठेवावा. आणि एकाच जागेतली वेगवेगळ्या जातींची झाडे, म्हणजे आंबा, जास्वंद आणि फणस, एकाच वेळी बिघडली असतील तर कीड जवळपास विसरूनच जावी. बहुतेक किडी आणि रोग आपापला यजमान धरून असतात, सगळ्यांना एकदम मारणारे कारण पाणी, माती किंवा रसायन असते.

नख, खुरपे आणि बुंधा

आता झाडाजवळ जावे. सुकलेल्या वाटणाऱ्या डहाळीची साल नखाने खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे असेल तर मागे सरकत, जिथे हिरवे लागते तिथपर्यंत यावे आणि त्या जागी रंगीत फीत बांधावी. ही फीत पुढे फार उपयोगी पडते: तीन महिन्यांनी सुकण्याची रेषा फितीच्या खाली उतरली की नाही, यावरून झाड सावरते आहे की जाते आहे हे कळते. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या आठवणीवर वाद घालत बसतो.

मग बुंधा. निरोगी झाडाचे खोड जमिनीपाशी रुंदावत जाते, मुळांचे फुगवटे दिसतात. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत घुसलेले दिसले की समजावे, भर घातलेली आहे किंवा रोप खोल लावलेले आहे. खुरप्याने हलक्या हाताने माती बाजूला करावी. कुदळ वापरू नये. मातीखाली गाडलेली साल ओली राहून कुजते, आणि गोव्यात जवळपास ३००० मि.मी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्यामुळे ती वाळायला उसंतच मिळत नाही. अशा ओल्या सालीत फायटोफ्थोरासारखे (साल कुजवणारे, बुरशीसारखे) रोग शिरतात आणि डिंक पाझरू लागतो.

याच वेळी खोडाभोवती काही आवळलेले आहे का ते पाहावे. चतुर्थीला लावलेल्या दिव्यांच्या माळेची तार, कुंपणाची तार, फलकाचे खिळे हे सगळे मी सालीत रुतलेले पाहिले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांत आणखी एक गोष्ट सापडते: रोपवाटिकेची काळी पिशवी. ती न फाडताच रोप खड्ड्यात ठेवलेले असते, मुळे आतल्या आत गोल फिरतात आणि पुढे खोडालाच फास लावतात. वड-पिंपळाभोवती बांधलेला पार मातीने खोडापर्यंत भरून वर फरशी बसवली असेल तर तोही याच जातीचा दोष. पार असावा, पण खोडाभोवती हातभर जागा उघडी असावी.

पानांच्या मागची बाजू

दहापट मोठे दाखवणारे भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळते. पानांवर काळा थर असेल तर ओल्या बोटाने पुसून पाहावा. पुसला गेला तर ती काजळी आहे. ती पानाला खात नाही, वरून पडणाऱ्या गोड चिकट स्रावावर वाढते. म्हणजे दोषी काळ्या पानावर नसून त्याच्या वरच्या फांदीवर आहे: पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी किंवा आंब्यावरचे तुडतुडे. मुंग्यांची रांग वर जात असेल तर तिच्यामागे नजर न्यावी, ती नेमकी तिथेच पोचवते.

या रस शोषणाऱ्या किडींबाबत माझा अनुभव असा की बळकट झाडावर त्या आपोआप आटोक्यात राहतात, आणि खचलेल्या झाडाला युरिया घालून ताजेतवाने करण्याचा प्रयत्न केला की कोवळ्या पालवीवर त्या तुटून पडतात. आजारी झाडाला नत्राचा मारा करू नये. माडावरच्या पांढऱ्या माशीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पानांमागे पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी काढणारी ही माशी भारतात २०१६ साली तामिळनाडू आणि केरळमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. तिच्यावर एनकार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी जगते आणि तिला मारते, त्यामुळे संशोधन संस्थांनी रासायनिक फवारणी टाळण्याचाच सल्ला दिला. फवारले की आधी ही मित्रकीड मरते. छोट्या झाडावर जोरदार पाण्याचा फवारा पुरतो.

भुसा कोणता आहे?

आपल्याकडे कुठलाही भुसा दिसला की "भिरूड" म्हणून मोकळे होतात. पण भुशाचे प्रकार ओळखता आले की निम्मे निदान झाले, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. भुसा तळहातावर घेऊन, दोन बोटांत चोळून, वास घेऊन पाहावा.

लाकडाच्या जाडसर, चावलेल्या तंतूंचा भुसा, वर बोट शिरेल एवढे भोक आणि खाली ओघळलेला रस असेल तर तो आंब्या-फणसातला भिरूड. त्याचा भुंगा करड्या रंगाचा, लांब मिशांचा असतो आणि मानेच्या पाठीवर दोन नारिंगी ठिपके असतात. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते आणि त्यासाठी दुबळे झाड निवडते. अळी बोटाएवढी जाड होते. सायकलच्या स्पोकचे टोक आकड्यासारखे वळवून भोकात फिरवावे, अळी मऊ लागते आणि टोकाला ओले लागते. मग भोक ओल्या चिकणमातीने बंद करावे. भोकात पेट्रोल किंवा रॉकेल ओतण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण त्याने भोवतालची जिवंत सालही मरते. आठ दिवसांनी माती फोडून नवा भुसा आला तर आत अजून कोणीतरी आहे.

भुसा पिठासारखा बारीक आणि भोके टाचणीच्या डोक्याएवढी, पण पुष्कळ असतील तर ते साल पोखरणारे इवलेसे भुंगेरे असतात. ते सहसा मरत्या लाकडातच शिरतात, त्यामुळे त्या फांदीची आशा सोडून झाडाचे मूळ दुखणे शोधावे. सालीवर रेशमाने विणलेली, विष्ठा आणि भुसा यांची तपकिरी पट्टी वळणे घेत गेलेली असेल तर साल खाणारी अळी. ती दिवसा बेचक्यातल्या भोकात बसते आणि रात्री या पट्टीच्या आडोशाने साल खाते. पट्टी ब्रशने काढून भोकात तार घातली की काम होते.

आणि मातीची नळी असेल तर वाळवी. आपल्याकडे वारुळाला रोयण म्हणून सातेरी देवीच्या रूपात पूजतात, त्यामुळे झाडाशेजारचे वारूळ मोडायला कोणी तयार नसते, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. मातीचा पापुद्रा खरवडावा. खाली साल टणक आणि शाबूत असेल तर वाळवी फक्त मेलेली वरची साल खाते आहे. खालचे लाकूड पोकळ लागले तर मात्र तपासणी पुढे न्यावी.

काजूचे वेगळे आहे. बुंध्याशी डिंक आणि भुसा एकत्र दिसला तर तो खोड व मूळ पोखरणारा किडा, आणि तो मुळांत उतरतो. बुंध्याची साल अर्ध्याहून अधिक घेरात खाल्ली गेली असेल आणि पाने पिवळी पडली असतील तर ते झाड वाचत नाही. ते तसेच उभे ठेवले तर आतून निघालेले भुंगे शेजारच्या काजूंवर जातात. म्हणून असे झाड मुळाशी काढून टाकण्याचा निर्णय लवकर घ्यावा.

पावसाळ्यात फांदीच्या बेचक्यात गुलाबी, रंग लावल्यासारखा थर दिसला तर तो गुलाबी रोग. थराच्या अर्धा फूट खाली, निरोगी भागात फांदी कापून कापावर बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात, आणि मग दोन्ही एकत्र. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. तयार पेस्टमध्ये घासलेला लोखंडी कोयता बुडवून बाहेर काढावा. पात्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवावा. कापावर डांबर लावू नये. त्याखाली ओल कोंडते.

माडाला वेळ नसतो

आंबा खचायला पाच वर्षे घेतो, माड काही महिन्यांत जातो, कारण त्याला एकच कोंब असतो. तो गेला की दुसरा फुटत नाही. म्हणून माडाबाबत "आधी माती, मग कीड" हा माझा नेहमीचा क्रम मी उलटा करतो.

नव्या चुडतांवर (झावळ्यांवर) कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा. त्याने सहसा माड मरत नाही, पण त्याने केलेल्या जखमेच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो आणि तो मारतो. वरच्या तीन चुडतांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. दीड महिन्याने तो पुन्हा करावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गेंड्या भुंग्याची पैदास शेणखतात आणि कुजत्या पाल्यात होते. ओल्या कचऱ्याचे खत करणाऱ्या संकुलांत खताचा ढीग महिनोन्महिने न हलवता पडून राहतो आणि तिथेच अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार अळ्या वाढतात. ढीग दर महिन्याला उलथावा, अळ्या वेचाव्यात; कोंबड्या असतील तर त्या हे काम आनंदाने करतात.

सोंड्या भुंग्याची खूण अशी: खोडावर बारीक भोक, त्यातून तपकिरी चिकट पाणी, चावलेले तंतू आणि आंबलेला वास. शांत वेळी, शक्यतो पहाटे, खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. मधला कोंब मलूल झाला असेल तर एक दिवसही न दवडता विभागीय कृषी कार्यालयात जावे. हे टाळायचे असेल तर पाडेल्याला (माडावर चढून नारळ काढणाऱ्याला) सांगून ठेवावे की हिरवी चुडते खोडाला लागून कापू नयेत, देठाचा चार फूट भाग राखावा आणि चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नयेत.

पावसाळ्यात मधला कोंब पिवळा पडला, हलक्या हाताने ओढल्यावर निघून आला आणि त्याच्या बुडाला घाण वास आला तर तो कोंब कुजव्या. लवकर कळले तर कुजका भाग काढून बोर्डो पेस्ट लावून माड वाचतो. हे काम उंचीवरचे आहे, ते अनुभवी पाडेल्याकडूनच करून घ्यावे. खोडाच्या भेगांतून तांबूस-तपकिरी रस ओघळून काळा पडत असेल तर तो वेगळा, खोडपाझराचा रोग; त्याला थोडा अवधी असतो.

खड्डा आणि हातोडी

इथवर काही सापडले नाही तर मेहनतीची वेळ येते. फांद्यांच्या घेराच्या कडेला, मोठी मुळे चुकवून, फूटभर खोल खड्डा घ्यावा. पहार सहज उतरते की चिरा फोडल्यासारखी आपटते, माती राखाडी आणि दुर्गंधीची आहे का, बारीक मुळे पांढरी-पिवळसर आणि चिवट आहेत की काळी आणि बोटांत साल निसटणारी आहेत, हे पाहावे. मग खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी रात्रभर तसेच राहिले तर मुळे गुदमरत आहेत. जांभ्या जमिनीत पाणी सहसा जिरते. अडते ते खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) काठावर भराव टाकलेल्या जागी आणि बांधकामाच्या अवजड वाहनांनी दाबून घट्ट झालेल्या अंगणात.

उपाय सावकाशीचे आहेत. शक्य तेवढे पेव्हर उचलावेत, भर काढावी, कुजलेल्या पाल्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे पण ते खोडाला टेकू देऊ नये, आणि डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत दहा-पंधरा दिवसांतून एकदा घेराच्या कडेने, फूटभर खोल ओल जाईल असे सावकाश पाणी द्यावे. रोज बुंध्याशी बादली ओतणे हे उलट काम आहे.

शेवटी लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि कोरडा येतो, पोकळ जागा घुमते. मी हे एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी करतो, कारण गुलमोहर आणि जुने पर्जन्यवृक्ष पडतात ते पहिल्या वादळी सरींत.

इथे थांबावे

बुंध्यावर किंवा मुळांवर कंगोऱ्यासारखे, लाकडासारखे कडक अळंबे दिसले की थांबावे. गॅनोडर्मा ही लाकूड कुजवणारी बुरशी असेल तर वरची बाजू लाखेसारखी चकाकणारी तपकिरी, खालची पांढरी आणि आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ असते. ते अळंबे कापून टाकल्याने काही होत नाही; बुरशी आत लाकूड खात आहे, आणि झाड वरून हिरवेगार असतानाही उन्मळू शकते. तसेच झाड नव्याने कलले असेल, कलत्या बाजूच्या विरुद्ध जमिनीला भेगा पडल्या असतील, बुंधा घुमत असेल, जाड फांदी रस्त्यावर, घरावर किंवा वीजवाहिन्यांवर असेल, किंवा कामासाठी शिडीच्या वर चढावे लागणार असेल, तर हे आपले काम नव्हे. वीजवाहिन्यांजवळची फांदी वीज खात्याला कळवल्याशिवाय कोणीही हात लावू नये. खोडात औषध टोचणे किंवा मुळांतून देणे हेही जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे; फळझाड असेल तर दुप्पट काळजीने.

निदानासाठी आपल्या तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था गाठावी. सोबत नमुना नेताना पूर्ण मेलेली फांदी नेऊ नये, तिच्यावर मागाहून आलेल्या बुरशाच वाढलेल्या असतात. मेलेला आणि जिवंत भाग जिथे मिळतो तो तुकडा न्यावा, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नव्हे. भुसा काडेपेटीत, अळी सापडली तर तीही बाटलीत, आणि लांबून काढलेले दोन्ही फोटो.

झाड काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते आपल्या आवारात असले तरी गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वन खात्यातील वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मी तो अर्ज करण्याआधी दोन पावसाळे थांबतो, अर्थात वर सांगितलेली धोक्याची खूण नसेल तरच. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक दिसत नाही, कारण झाड आधी मुळे काढते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढतो आणि फितीपाशी पुन्हा नख लावून पाहतो.